पळणीत मागे राहिलेली खुनी बाई

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ठाण्याच्या एका थिएटरात, भरल्या प्रेक्षागृहासमोर, पडद्यावर माझं तोंड उघडलं — आणि आतून भलत्याच बाईचा आवाज आला!

वेळ नक्की आहे. घड्याळ पाहिलं होतं. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासले. घटनेची वेळ आधी लिहावी, रडणं मग, एवढं कळतं.

वाक्य साधं होतं. 'आलात? हातपाय धुवा, पानं वाढते.' मी ते असं म्हटलं होतं की आमच्या कॉन्व्हेंटातल्या, उच्चारांवर छडी मारणाऱ्या सिस्टरांनी कबरीतून टाळी वाजवली असती. ऐकू काय आलं? 'आलासा व्हय रं पोरांनू? धुवा हात, मंग वाढते... ह्हे ह्हे ह्हे!' हे कोकणात कुणी बोलत नाही. देशावरही नाही. ही फक्त सिनेमातल्या खेड्यांची बोली. आणि ह्हे ह्हे ह्हे? मी? मी हसते ते सुद्धा रुमाल तोंडाला लावून!

त्यापुढे मी शहरातून आलेल्या पाच तरुणांना कोयत्याने मारलं. त्याबद्दल तक्रार नाही. चांगलं मारलं.

सिनेमाचं नाव 'रिकामं गाव'. दिग्दर्शक ऋजुता, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. गाव मात्र माझ्या सासरचं — कोळंबखोल. म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाने सबंध खेळ घेतला. शीळफाट्यावरून दोन बसगाड्या भरून माणसं आली. बाबुराव अध्यक्ष. पूर्वी कंडक्टर होते, अजून माणसं मोजल्याशिवाय कुठे निघत नाहीत. सुरुवातीला त्यांनी मला हार घातला. 'आमच्या गावची सून पडद्यावर!' टाळ्या. मी मान लववली. लाज वाटते आता.

आणि मध्यंतराच्या जरा आधी बाबुराव अंधारात उभे राहिले. पडद्यावर माझ्यामागे त्यांच्या घराचं दार. दारापुढे आडवी काटेरी फांदी.

'थांबवा! ती फांदी माझ्या दारातली! ती फकस्त पळणीक घालतत!'

सगळं थिएटर पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागलं.

येताना बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती. हार मांडीवर होता. कुठे ठेवायचा ते सुचेना.

सोमवार, ३ नोव्हेंबर

गावाकडे थोरल्या जाऊबाई, कांतावहिनी, फोन उचलत नाहीत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहून काढते. डोकं ताळ्यावर येतं.

दर तीन वर्षांनी आमचं गाव पळतं. गावपळण. देवाने कौल दिला की घरं बंद करायची, दारात काटेरी फांदी टाकायची आणि तीन रात्री ओढ्यापलीकडे जाऊन राहायचं. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, कुत्री — सगळी. वेशीच्या आत जिवंत काही उरता कामा नये. पलीकडे झोपड्या घालतात, मासे धरतात, रात्रभर भजनं. माझे यजमान मधु या तीन दिवसांसाठी ऑफिसात वाट्टेल त्या आजाराचं नाव सांगत. मी मात्र दर वेळी म्हणायची, 'लोकांची अंधश्रद्धा, आणि मच्छर मला चावणार.'

मधु गेल्यावर गेल्या मार्गशीर्षात मी एकटी गेले. कांतावहिनीही तिथे एकट्या. त्याच तेव्हा म्हणाल्या होत्या, 'पुढच्या वर्षी कायमची ये गे. दोघी रवया.' मी हो म्हटलं. कोपर स्टेशनजवळच्या या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलून कंटाळा आला होता.

आणि त्याच पळणीला ऋजुता टपकली. पळणीबद्दल तिला मीच गमतीने सांगितलं होतं. 'मावशी, अख्खं गाव रिकामं! असा सेट कोण देणार? तू फक्त दारात उभं राहायचं. स्लॅशर आहे हा. एकेक जण मरत जातो.'

मी कांतावहिनींना सांगितलं, कंबर धरली आहे, जमिनीवर झोपवत नाही, कुडाळला मैत्रिणीकडे जाते. त्यांनी वाटेत खायला घावणे बांधून दिले. आणि मी ओढ्याच्या वळणावरून मागे फिरले. वय वर्षं अडुसष्ट!

कशासाठी? तिने 'तुझा चेहरा भारी आहे' म्हटलं म्हणून. एवढ्यासाठी.

बुधवार, ५ नोव्हेंबर

या सिनेमांचं मला समजत नाही. शहरातली पोरं खेड्यात जातात, गाडी बंद पडते, फोनला रेंज नसते, आणि मग एक शहाणा म्हणतो, 'आपण वेगवेगळ्या दिशेने जाऊ या.' ज्यांना साधा नारळ फोडता येत नाही ती माणसं अंधारात वेगवेगळ्या दिशेने जातात! आणि खेड्यातला प्रत्येक माणूस एक तर मुका, नाही तर खुनी. कोळंबखोलमध्ये मुका कुणी असता तर उपकार झाले असते. तिथे अनोळखी माणूस दिसला की आधी आडनाव विचारतात, मग नातं काढतात, मग चहा. खुनाला वेळ कुठे मिळणार?

मूळ पटकथेत मी विळीने मारायचं होतं. मी ऋजुताला समजावलं, 'अगं, विळी पाटाला बसवलेली असते. तिने खून करायचा तर मेलेल्याला स्वतः येऊन वाकावं लागेल.' मग कोयता आला. तांत्रिक सल्लागार म्हणून माझं नाव श्रेयनामावलीत हवं होतं. नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एक फायदा झाला आहे. सोसायटीचे सेक्रेटरी साईनाथ वर्षभर स्कूटर माझ्या दारासमोर लावत होते. चार वेळा सांगितलं. आज सकाळी स्कूटर नाही. लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा कोपऱ्यात दप्तर धरल्यासारखे उभे.

'काकू, सिनेमा बघितला. मोबाईलवर आलाय तुकडा.'

'मग?'

'स्कूटर काढली.'

दहशतीची ताकद लोकांना उगीच आवडत नाही! दिवसभर खूश होते. संध्याकाळी कांतावहिनींना परत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाबुरावांचा फोन. रविवारी दुपारी मंडळाची बैठक, डोंबिवली पश्चिमेला, नेहमीच्या हॉलमध्ये. आवाज कोरडा. 'गावात बैठक झाली वहिनी. पळण मोडली म्हणतत. कांताक बोलावून इचारल्यानी, तुझ्या घरातली बाय मागे रवली ता तुका म्हायत होता काय? ती नाय म्हणाली. अर्ध्यांचो विश्वास नाय.'

म्हणजे मी नाटक केलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या त्या!

रात्री जेवायला ऋजुता आणि तिची आई वैशाली आल्या. आधी आवाजाबद्दल जाब विचारला. ऋजुता म्हणाली, 'मावशी, तुझा आवाज इतका शुद्ध होता की भीतीच वाटेना. वाटायचं, आता ही व्याकरण शिकवणार.' वैशाली हसली. मीही हसले असते, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

मग ऋजुताने तोडगा काढला. सिनेमाच्या सुरुवातीला पाटी टाकायची — सर्व चित्रीकरण शीळफाट्याजवळच्या सेटवर झालं आहे. 'फांद्या पण सेटवरच्याच, असं सांग. कोण बघायला येतंय?'

वैशाली म्हणाली, 'ताई, हो म्हण की. कुणाचं काय जातं? तू पळण मानतेस तरी का?'

नाही मानत. तेच तर. मी मानत नाही म्हणून खोटं बोलणं मला सोपं आहे. पण मी खोटं बोलले की वहिनी आधी खऱ्या बोलल्या होत्या हे कुणाला कळणारच नाही. म्हणतील, बाई तिथे नव्हतीच, मग हिने तोंड पाडून 'माका म्हायत नाय' कशाला म्हटलं? काहीतरी लपवत होती.

'विचार करते,' म्हटलं. दोघींना श्रीखंड वाढलं. ऋजुताने तीनदा घेतलं. माझी भीती वाटत नाही, हे मात्र खरं.

रविवार, ९ नोव्हेंबर

बैठक झाली.

बाबुरावांनी आधी डोकी मोजली. मग म्हणाले, 'वहिनी, येवढाच सांगा. तुमी त्या तीन दिसांत गावात होतात काय?'

खिशात — म्हणजे पर्समध्ये — शीळफाट्याचं वाक्य तयार होतं. पाठ केलं होतं. पाठांतरात मी पहिली यायची.

'होते,' म्हटलं. 'दोन रात्री. कांतावहिनींना खोटं सांगून. त्यांना काही माहीत नव्हतं. हे त्यांना नाही, मला विचारा.'

मग मागून उत्तम. हा कोळंबखोलचा भाजीवाला, अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे. 'कित्याक पण?'

'अभिनय करायला.'

कुणीतरी फिस्सकन हसलं. उत्तम उठलाच. 'ता ऱ्हवांदे! त्या पोराचा डोक्या फुटता, लाल लाल उडता, तो भोपळो आमच्या मांडवावरचो! मी वळाखलंय त्याका! बियाण्यासाठी राखललो!'

'भोपळा मी तोडला नाही. ऋजुताने.'

'पण कोयतो तुमच्या हातात होतो!'

हसण्याचा फुगा फुटला. मी पण हसत होते — रुमालाशिवाय. मग बाबुरावांनी टेबलावर हात आपटला आणि हसणं तिथल्या तिथे संपलं.

'हसा. पण हय बसलेल्या कोणाच्या म्हातारीक खाटेसकट ओढो ओलांडून न्हेली नाय, सांगा! माझ्या आयशीक चौघांनी न्हेली. पाय मोडललो. ती म्हणाली, माका न्हेवा, मी एकटी मागे रवलंय तर गाव रिकामो कसो होतलो? आणि तुमी चालता-बोलता मागे रवलात.'

शेवटचा शब्द त्यांचा. मी, जिने कधी कुणाला शेवटचा शब्द घेऊ दिला नाही!

निर्णय काही नाही. गावातले मानकरी देवाला कौल लावणार, ते ठरवतील. आमच्या घराचं नाव गावातून काढायलाही लोक तयार आहेत, असं उत्तमने बाहेर येऊन हळूच सांगितलं. मग म्हणाला, 'पण तुमी खरा बोललात, ता बरा झाला.' आणि दोन कोथिंबिरीच्या जुड्या दिल्या.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऋजुताचा संदेश : पाटीचा मजकूर तयार आहे, टाकू का?

नको, म्हटलं.

तिने विचारलं, का. मी लिहिलं, कारण तुझ्या सिनेमात एकच खरी गोष्ट आहे, ती म्हणजे गाव. बाकी सगळा भोपळा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कौल आज लागणार होता. दिवसभर फोन शेजारी. तीन वेळा वाजला. एक कर्जवाले, दोन कर्जवाले.

मनात ठरवून टाकलं : नाही म्हणाले तर इथेच. कोपर वाईट नाही. स्टेशन जवळ आहे, डॉक्टर जवळ आहे, दारासमोर स्कूटर नाही. भिंती बोलत नाहीत, पण उलटही बोलत नाहीत.

स्वतःला समजावता समजावता दूध उतू गेलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काही नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी कांतावहिनींचा फोन आला.

नमस्कार नाही, काही नाही. 'कंबार कशी आसा?' एवढंच विचारलं. मी 'वहिनी—' म्हटलं.

'मागच्या पळणीक पण तुझी चटय माझ्या बाजूक हातरललंय,' त्या म्हणाल्या. 'म्हटला, कुडाळसून मन झाला तर येतली. तीन राती रिकामी रवली.' मागे कोंबडी ओरडत होती. मग म्हणाल्या, 'देवान कौल दिलो. मागची पळण धरूची नाय. गाव परत भायर पडतलो. सगळो. ह्या मार्गशीर्षात.'

'माझ्यामुळे?'

'तर काय माझ्यामुळे? लोक शिव्या घालतत आणि झोपड्यांक झावळ्यो तोडतत. पोरांची तर दिवाळी झाली. तुका सगळ्यांच्या आधी ओढो ओलांडूचो आसा. बाबुराव हाताक धरून न्हेतलो, म्हणान सांगलेला आसा त्येका. ये गे. पीठ दळलंय.'

मला गावाबाहेर काढतील म्हणून घाबरले होते. माझ्यासाठी अख्खं गाव बाहेर निघालं.

पांघरूण, बॅटरी, मच्छरांचं मलम बांधून ठेवलं. मग ऋजुताला लिहिलं, इथेही उतरवून ठेवते :

'ऋजुता, तीन रात्री ओढ्यापलीकडे राहायचं आहे. गुन्ह्यात तू निम्मी होतीस, तेव्हा तूही येणार. कॅमेरा आणायचा नाही. बियाण्याचा एक भोपळा आणायचा, उत्तमला द्यायला. येतेस की नाही ते लेखी कळव, गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी सहाच्या आत. सहानंतर आलेलं उत्तर वाचलं जाणार नाही. — मावशी.'