दिलाराचा चेहरा

लाहोर,
सोमवार, ९ फेब्रुवारी १९७६

लाडकी तस्नीम,

अम्मीचे खूप खूप आशीर्वाद. तू, जहीरमियां आणि छोटी सदफ अल्लाच्या कृपेने मजेत असाल. सासूबाईंना, हाजराबीबींना माझा सलाम सांग. या थंडीत त्यांचे गुडघे फार दुखत असतील. सोबत पंजिरी पाठवली आहे, तिच्यात डिंक जरा जास्तच घातलाय. त्यांनाही दे.

इकडे सगळं ठीक. वरचे भाडेकरू गेले, त्यामुळे जिन्यात आता कुणाचं पाऊल वाजत नाही. शलजम-गोश्त केलं की तीन दिवस तेच खाते. एकटीपुरतं रांधायला मला अजून जमत नाही.

मास्टर करामत आठवतात ना? स्टुडिओत हार्मोनियम वाजवायचे, तुला खिशातून रेवड्या काढून द्यायचे. गेल्या महिन्यात ते आले, टीव्हीवाल्या आतिका नावाच्या मुलीला घेऊन. ज्यांचा आवाज घराघरात पोचला पण चेहरा कुणी पाहिला नाही, अशा गायिकांवर तिला कार्यक्रम करायचा होता.

मी नाही म्हटलं. "माझी मुलगी सियालकोटला दिलीय," मी म्हटलं, "तिच्या सासरी ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"की दिलारा म्हणजे मी."

ती हसायलाच लागली. "आपा, गायलात ना तुम्ही? का चोऱ्या केल्यात?"

करामत चहाच्या कपात बघत बसले.

बेटा, मी तुला बोल लावत नाही. खोटं माझंच होतं. "आई सिनेमात गाते" एवढ्यावरून तुझी दोन स्थळं मोडली, तेव्हा तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, सांगा, शिवण शिकवते म्हणून. रेकॉर्डवर नाव दिलारा, घरी मी सुगरा. कोण कशाला शोधायला जातंय? लग्न लागलं की हळूच सांगून टाकू, असं मनात होतं.

मग तुझी मेहंदी आली. तुझ्या नणंदांनी ढोलक घेतला आणि नेमकं माझंच गाणं धरलं. तिसरी ओळ साफ चुकवली पोरींनी. हाजराबीबी मला म्हणाल्या, "विहीणबाई, अशा गप्प काय बसलात? गाता येत नसेल तर टाळ्या तरी वाजवा!" मी वाजवल्या. मुद्दाम जरा बेतालच. नंतर तू माझा हात दाबून म्हणालीस, "अम्मी, छान निभावलंस." त्या शाबासकीने मला किती लागलं, ते तुला कधी बोलले नाही.

सदफच्या अकीक्याचं, तिचं जावळ काढलं त्या दिवसाचं, लिहावं की नाही, या विचारात तीन वेळा कागद बाजूला ठेवला. पण लिहितेच. पोर रडून रडून लालबुंद झाली होती. मी उचलली आणि गुणगुणले. कुठलंच गाणं नाही, नुसते सूर. ती गप्प झाली, माझ्या तोंडाकडे टकामका बघायला लागली. हाजराबीबी म्हणाल्या, "अगंबाई, गळा गोड आहे हो विहीणबाईंचा!" तुझा चेहरा पांढराफटक पडला. तू पोर माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलीस. निघताना दारात म्हणालीस, "अम्मी, आता थोडे दिवस येऊ नकोस."

त्या थोड्या दिवसांना आठ महिने झाले, तस्नीम.

आतिकाला मी नाही म्हटलं, असं वर लिहिलंय. ते खरं आहे. पण चार दिवसांनी मी स्वतःच टांगा करून तिच्या ऑफिसात गेले, हे लिहायचं टाळत होते. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

परवा रेकॉर्डिंग झालं. इतके दिवे की डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. आतिका सारखी म्हणायची, "आपा, कॅमेऱ्याकडे बघून गा ना!" मी म्हटलं, "पोरी, वीस वर्षं भिंतीकडे बघून गायले. माणसाकडे बघून कसं गातात ते ठाऊक नाही मला." सगळे हसले. करामतांनी माझ्यासाठी पट्टी खाली उतरवली, तरी एका जागी आवाज फाटलाच. मी थांबले. पुन्हा घेऊ या का, असं आतिकाने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. आज जसा आहे तसा ऐकू दे लोकांना.

नाव विचारलं तेव्हा दोन्ही सांगितली. मुलंबाळं किती, असंही विचारलं. "एक मुलगी," एवढंच म्हटलं. तुझं नाव, गाव काही सांगितलं नाही.

कार्यक्रम दाखवणार तो हा गुरुवार नाही, पुढचा. संध्याकाळी सात वाजता. तुमच्याकडे टीव्ही आलाय, हे जहीरमियांनी ईदच्या कार्डात लिहिलं होतं.

हाजराबीबींना त्याआधी तूच सांग. पडद्यावर बघून कळण्यापेक्षा सुनेच्या तोंडून कळलेलं बरं. वाईट नाहीत गं त्या. धीर नाहीच झाला तर म्हण, अम्मीने मलाही अंधारात ठेवलं. मी तुला खोटं पाडणार नाही. पण शिवण शिकवणारी बाई होऊन तुमच्या दिवाणखान्यात बसणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.

यापायी तुझं दार मला कायमचं बंद झालं तरी सोसेन, असं लिहिणार होते. पण खोटं आता पुरे. ते मला सोसवणार नाही. हे ठाऊक असूनही मी गायले.

तुझं उत्तर कसंही असो, त्याची वाट बघणारी,
तुझी अम्मी