दोन ग्रॅम हायड्रोजन, आठ बटणं

४ जुलै
लेक केमिस्ट्रीत नापास. वीसपैकी तीन. बाईंनी पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा ठेवली आहे. त्यातही आपटली तर पुढे सायन्स नाही. ट्यूशनच्या मास्तरांना आजच रजा दिली. मी शिकवणार! थ्री-पीस सूट शिवणाऱ्यापुढे समीकरण म्हणजे किस झाड की पत्ती.

५ जुलै, सकाळी ६
धडा वाचला. 2H₂ + O₂ → 2H₂O. म्हणजे दोन ग्रॅम हायड्रोजन, एक ग्रॅम ऑक्सिजन, दोन ग्रॅम पाणी. लोक उगाच बाऊ करतात.

सकाळी ६.२०
दोन अधिक एक तीन. पाणी दोनच. एक ग्रॅम गेला कुठे?

सकाळी ६.२५
बाष्पीभवन.

८ जुलै
लेकीला बाष्पीभवन पटत नाही. म्हणते, ते आकडे मोलचे, म्हणजे कण मोजण्याचे आहेत, ग्रॅमचे नाहीत. मी म्हटलं, पुस्तकं छापणारी माणसंही चुकतात. होमवर्क मीच करून दिला, हुबेहूब तिच्या अक्षरात. बायको म्हणाली, कान सोनारानंच टोचावेत, मास्तरांना बोलवा. मी म्हटलं, सुई शिंप्याकडेही असते.

१२ जुलै
आज दुकानातच शिकवणी. मी काजं करतोय, तर ही मध्येच विचारते, बाबा, एका शर्टाला बटणं किती? आठ. मग चाळीस बटणांत शर्ट किती? पाच. बटणं वजन करून लावता का? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगं, कोटाचं बटण जड, शर्टाचं हलकं, पण आठ म्हणजे आठच! बटणं मोजून लावतात, वजनावर नाही! एवढा कॉमन सेन्स नको? ती खदाखदा हसत सुटली, मला मिठी मारली आणि वहीत काहीतरी खरडलं.
पोरीचं अभ्यासात लक्षच नाही. फार काळजी वाटते.

१९ जुलै
फेरपरीक्षा. दुकान बंद ठेवून शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. लेक हसत बाहेर आली. बिचारी, धीर धरून आहे.

२१ जुलै, दुपारी
अठरा! वीसपैकी अठरा! समोरच्या लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, सगळं मीच शिकवलं. त्याच्या बायकोलाही सांगितलं. आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाची डावी बाही दोनदा मोजली, उजवी राहिलीच.

संध्याकाळी
पेपर पाहिला. शेवटच्या उत्तरात शर्ट, बटणं आणि ‘माझे बाबा म्हणतात, मोजून लावतात, वजनावर नाही.’ बाईंचा शेरा: ‘सुंदर! बाबांना मोल पक्का कळला आहे.’ डोळे भरून आले.
मग होमवर्कची वही उघडली. दहापैकी शून्य. ‘बाष्पीभवन’भोवती तीन लाल गोल. खाली बाईंनी लिहिलंय, ‘हे ज्यांनी लिहून दिलं, त्यांना तुझ्या बाबांकडे शिकायला पाठव.’
लेक म्हणाली, बाबा, उद्या सकाळी सहाला बसू या.
पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.