तिन्ही बराबर

सर,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला आपल्या गटातून उभे असलेले एक उमेदवार लागोपाठ तीन रविवारी गावात आले.

२. पहिल्या रविवारी ते मारुतीच्या देवळापुढे बोलले. निवडून आलो तर शाळेत रोज सकाळी श्लोक सक्तीचे करू, म्हणाले.

३. दुसऱ्या रविवारी मशिदीमागच्या गल्लीत बोलले. सरकारी शाळेत कोणत्याच धर्माचं काही शिरू देणार नाही, म्हणाले.

४. तिसऱ्या रविवारी एका दुकानदाराच्या ओट्यावर बोलले. झेडपीच्या शाळांचे दिवस संपले, ही शाळा शेजारच्या गावात विलीन करून इथे खाजगी इंग्रजी शाळा आणू, म्हणाले.

५. तिन्ही वेळा मी हजर होते.

६. शाळेत एका शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी आहे. शाळा व्यवस्थापन समितीने पाठिंब्याचं पत्र दिलं तर कुठूनतरी शिक्षक आणून देतो, असा त्यांचा निरोप आहे.

७. शिक्षणप्रेमी म्हणून त्या समितीवर मला घेतलेलं आहे. पत्र तयार आहे. सह्या व्हायच्या आहेत.

याच्यापुढे मला काय वाटतं ते लिहायचं होतं आणि तिथे हात थांबला. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘निरीक्षण’ आणि उजवीकडे ‘अनुमान’ लिहायला तुम्ही आम्हाला चौथीत शिकवलंत. आता मी गावातून ये-जा करून जालन्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर-शंभर बिया चार वेळा लावायच्या, ठरलेल्या दिवशी कागद उलगडायचा, किती नीट उगवल्या, किती वेड्यावाकड्या, किती मेल्या ते मोजायचं आणि खाली सही करायची. बियाणं कोणाचं आहे ते आम्हाला कळू देत नाहीत, नमुन्यावर नुसता क्रमांक असतो. नवीन मुली कोंब दिसला की उगवलं असं लिहून मोकळ्या होतात. मी मूळ बघितल्याशिवाय लिहीत नाही. ही सवय कुठून लागली, असं वरिष्ठांनी एकदा विचारलं. कॉलेजातून, असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं.

मी चौथीत असताना शाळेचा परिपाठ सरस्वतीच्या तसबिरीपुढे हात जोडून सुरू व्हायचा. प्रार्थना आणि आरती तुम्हीच सुरू केली होती, आणि तुमचा आवाज चांगला होता. माझ्या बाकावरच्या मुलीच्या घरी उर्दू बोलत. ती आमच्याबरोबर मराठी शाळेत होती आणि रोज उशिरा यायची. मी तिला झोपाळू म्हणायचे, तुमच्यासमोरसुद्धा. एके दिवशी तुम्ही मला हजेरीपट दाखवलात. तिच्या नावापुढे महिनाभर तुम्ही पेन्सिलने मिनिटं लिहिली होती: सात, सात, आठ, सात. "झोपाळू माणूस रोज इतका सारखा उशिरा येतो का गं?" तुम्ही विचारलंत. प्रार्थना आणि आरती मिळून सात मिनिटांची होती. ती शाळेमागच्या लिंबाखाली उभी राहून ते संपायची वाट बघायची, हे तुम्ही तिच्या आईला विचारून पक्कं केलं होतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही गावात निघता आणि आम्ही दोघी काही कारण नसताना मागे चालतोय. देवळापुढे चार-पाच म्हातारे बसलेले आहेत. तुम्ही उभ्या-उभ्या सांगता, "शाळेतली प्रार्थना मी सुरू केल्ती, मीच बंद करून राह्यलो. माझं चुकलं होतं." त्यांच्यातला एक म्हणतो, "गुर्जी, कोणी कान भरले तुमचे?" तुम्ही म्हणता, "कोणीच न्हाई. हजेरीपट वाचला." मग तुम्ही मशिदीमागच्या गल्लीत जाता आणि तेच वाक्य, त्याच शब्दांत, तिच्या आजोबांना सांगता. ते खूश होतील असं मला वाटलेलं असतं. ते म्हणतात, "मास्टरसाब, मंग पोरं काय मुक्यावानी हुभी ऱ्हाणार का?" दोन्हीकडे तुम्हाला कोणी चहा विचारला नाही. हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं होतं, कारण गावात तुम्हाला चहा न मिळण्याची ती पहिली वेळ होती.

त्यानंतर परिपाठात एक मिनिट शांत उभं राहायचं ठरलं. डोळे मिटून, ज्याला जे आठवायचं असेल ते आठवायचं. आठवडा झाला नसेल, मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले. "सर, ती दुसरंच काहीतरी म्हणून राह्यली."

"तुला कसं कळलं?"

"मी बघितलं."

"डोळे मिटून बघितलंस?"

अख्खा वर्ग हसला. मला रडू आलं, ते मी दाबलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. "तिचे ओठ हलत होते, हे डावीकडे लिही," तुम्ही म्हणालात. "दुसरंच म्हणत होती, हे उजवीकडे. आणि उजवीकडचं लिहिण्याआधी तिला विचार." मी चिडूनच विचारलं. ती म्हणाली, "एकोणिसाचा पाढा. आज इचारणार हैत ना सर." आणि तुम्ही तो विचारलात, आणि तिला तो पूर्ण आला, आणि मी एकोणीस साती अडखळले. इतकं नेमकं ओरडणं मला पुढे कोणाकडून मिळालं नाही. ज्यांनी ओरडायला हवं होतं ते माझ्याशी सांभाळून बोलत राहिले.

सातवी झाल्यावर तुम्ही मला तुमची स्टीलची पट्टी दिलीत. तिचं टोक झिजलेलं होतं. "शून्यावर भरोसा ठेवू नको, एकपासून मोज आणि एक वजा कर," एवढंच म्हणालात. मी आभार मानले नव्हते. पट्टी खराब आहे असं मला वाटलं होतं. पुढे बारावीच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझी प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि तीच पट्टी माझ्या हातात होती. मी एक वजा करून मोजत राहिले. आभार त्या दिवशी मानले, आणि आज परत मानते.

आता उमेदवारांचं. मी त्यांच्या कार्यालयात एक कागद दिला. त्यावर तीन ठिकाणची त्यांची तीन वाक्यं होती आणि खाली एकच प्रश्न: यातलं कोणतं धरायचं? दोन दिवसांनी त्यांच्या कार्यकर्त्याचा फोन आला.

"ताई, साहेबांनी वाचलं. ते म्हणले, तिन्ही बराबर आहेत."

"शाळाच बंद केल्यावर श्लोक कुठे म्हणायचे?"

"ते निवडून आल्यावर बघू ना. तुम्ही लई बारीक बघून राह्यल्या."

माणसाने मत बदलू नये असं माझं म्हणणं नाही. तुम्ही बदललंत, आणि मी ते चालत-चालत बघितलं. पण बदललेलं मत तुम्ही दोन्हीकडे एकाच वाक्यात सांगितलंत आणि दोन्हीकडची नाराजी घेऊन घरी गेलात. या उमेदवारांना तिन्हीकडे चहा मिळाला. त्यांचं मत बदललेलंच नाही, ऐकणारे तेवढे बदलले.

इथपर्यंत मला सोपं आहे. अवघड आहे ती माझ्या बाकावरची. तिचा मुलगा आता त्याच शाळेत दुसरीत आहे आणि पालक म्हणून तीही समितीवर आहे. ती सही करणार म्हणते.

"देवळापुढे काय बोलले ते ठाऊक आहे ना तुला?" मी विचारलं.

"ठाऊक है. श्लोक पाठ करंल पोरगं, त्यानं काय मरत न्हाई. त्याला जोडाक्षर वाचता येईना, ते बघ. एक मास्तर चार वर्ग सांभाळून राह्यला."

"समितीला कोणत्याच उमेदवाराला असं पत्र देताच येत नाही. नियम आहे."

"मंग नियम तू पाठ कर. तुला ना लेकरू ना बाळ. बस तिकडं बिया मोजत."

आणि उठताना तिने मला शेवयांचा डबा दिला. जोडाक्षराचं तिचं म्हणणं खरं आहे. मी त्याची वही बघितली आहे. मी दुसरा ठराव लिहिला आहे, दोन ओळींचा: रिकामी जागा भरावी, परिपाठ आहे तसा राहावा. तो थेट शिक्षण विभागाकडे जाईल, त्यात कोणाचं नाव नाही. त्याने शिक्षक मिळेलच असं मी तिला सांगू शकत नाही. अध्यक्ष म्हणतात, तुम्ही दोघी एका बाजूला या, बाकीचे तिकडेच सही करतील. म्हणजे सगळं तिच्यावर आहे, आणि तिचा मुलगा माझ्या ठरावाच्या भरवशावर आणखी एक वर्ष तसाच राहू शकतो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. परवा तिला वळवायला माझ्याजवळ काही उरलं नाही तेव्हा मी म्हणाले, "सर मला म्हणाले होते, मत मागायला आलेल्या माणसाला शाळेचा कागद द्यायचा नाही." ती म्हणाली, "असं म्हणले होते? मंग बघते मी."

तुम्ही असं कधी म्हणाला नव्हता.

समितीची बैठक शनिवारी अकरा वाजता आहे. तुम्ही तसं म्हणाला असतात की नाही, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे. नाही कळवलंत तर बैठकीच्या आधी मला हे सांगायला तिच्या घरी जावं लागेल.