कंपनीची काकी काढून टाकली

(कल्पे, पाकीट तूच फोडणार, म्हणून हे आधी तुला. सगळ्यात मागचं पान वेगळं काढ, आतल्या खोलीत जाऊन एकटीने वाच, आणि मगच पहिलं पान घेऊन काकीला वाचून दाखवायला बस. तिने विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस, तर सांग, दादाचं अक्षर लावत होते. माझं अक्षर बघितलेल्या कुणालाही ते पटेल.)

थळच्या बंदरावर जिचा आवाज होडीच्या आधी पोचतो, त्या तीर्थरूप सोनूबाई काकीच्या पायांना दीपेशचा हरियाणातून, रजईच्या आतून नमस्कार. (हात बाहेर काढवत नाही. इथे सकाळी धुकं असं पडतं की आपल्याच पायातली चप्पल कुणाची ते कळत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन उठताना दुसऱ्याचा हात घेतेस, की अजून "माजा गुडगा, माजी पाटी" चालूच आहे? शिवदासकाकांची तब्येत विचारली म्हणून सांग. ते मान हलवतील. तेवढं उत्तर मला पोचलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू फारच गोड बोलतेस, काकी. "जेवलास का बाळा, थंडी हाय का बाळा." मी दोनदा नंबर तपासून बघितला. आयुष्यात तू मला बाळा म्हटलेलं नाहीस, बारशालाही म्हटलं नसशील. पाहुण्याशी बोलावं तसं बोलतेस आणि मग मलाही पाहुण्यासारखं "हो, जेवलो" एवढंच सुचतं. म्हणून लिहितोय. लिहिताना निदान तू कंबरेवर हात ठेवून उभी आहेस असं धरून चालता येतं.

काम तसं बरं आहे. हे गोदाम एवढं मोठं आहे की आपला अख्खा कोळीवाडा आत मावेल, फक्त वास मावणार नाही. सगळ्यांच्या हातात एकेक स्कॅनर असतो. म्हणजे हातात धरायचा कॉम्प्युटर, वजनाला विटेसारखा, खाली पडला तर फरशी फुटेल पण तो फुटायचा नाही. तो सांगतो, या रांगेत जा, त्या कप्प्यातलं खोकं काढ. खोक्यावरच्या काळ्या पट्ट्या त्याला दाखवल्या की तो 'टुंक' करतो आणि पुढची रांग सांगतो. दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारा तोच. (परवा जेवणाच्या सुट्टीत डबेवाल्याने विचारलं, "और रोटी?" तर मी "टुंक" म्हणालो.)

अडचण आहे ती उठण्याची. पाळी पहाटेची. फोनचा गजर मी झोपेतच बंद करतो आणि नंतर मला आठवतही नाही. दोन-चारदा उशीर झाल्यावर सुपरवायझरने सगळ्यांसमोर सांगितलं, आता एकदा लेट झालास तर गेटवरूनच घरी. आता मला सांग, मी कुठल्या तोंडाने घरी येऊ? हरिहरेश्वरच्या लॉजवरचं काम मी सोडलं, कारण यात्रेकरूंच्या आंघोळीच्या बादल्या वाहून हात लांब झाले. श्रीवर्धनला सुपारी फोडायला बसलो तर एका जागी बसवेना. काकांच्या होडीवर मला उलट्या होतात. (हे बंदरावर कुणाला सांगू नकोस. सगळ्यांना माहीत आहे तो भाग वेगळा.) आणि यावेळी तू अख्ख्या थळात सांगून बसली आहेस की पोरगं टिकलं. तुझा शब्द जाईल, त्यापेक्षा माझी झोप गेलेली बरी.

म्हणून मी डोकं चालवलं. इथे चिराग म्हणून एक जण बिघडलेले स्कॅनर दुरुस्त करतो. जुन्या जातीचे स्कॅनर भंगारात निघाले तेव्हा त्याने मला एक दिला. (गेटपास करून. चोरीचा नाही. काकी, आधी पुढचं ऐक.) माझा बेत असा, की यानेच मला उठवायचं. ओरडत राहायचं आणि मी मोरीत जाऊन साबणाच्या वेष्टनावरच्या काळ्या पट्ट्या दाखवल्याशिवाय गप्प बसायचं नाही. मोरीत गार लादीवर उभा राहिलेला माणूस परत झोपत नाही.

पण स्कॅनर ऐकेना. चालू केला की कंपनीचं चित्र दाखवायचा, पासवर्ड मागायचा आणि रुसून बसायचा. चिराग म्हणाला, याचा बूटलोडर बदलावा लागेल. तुला सोपं करून सांगतो. आपल्या घरात सगळ्यात आधी तू उठतेस, मग चूल, मग काका, मग कोंबडे. तू उठली नाहीस तर बाकी कुणाला उठायचं ठाऊकच नाही. तशी यंत्राच्या आत एक काकी असते. बटण दाबलं की आधी ती जागी होते आणि मग बाकीच्यांना उठवते. तिचं नाव बूटलोडर. पण कंपनीने बसवलेली काकी फक्त कंपनीच्या पोरांना उठवते, दुसऱ्याला दारात उभं करत नाही. तिला काढून दुसरी बसवली, तर ती लिनक्सला उठवते. लिनक्स म्हणजे काय, तर बंदरावर मासळी वाळत घालायची जागा असते ना, कुणा एकाच्या नावावर नसते, कुणीही यावं आणि आपलं वाळवण घालावं, तसं. तिथे मग माझ्यासारख्यालाही आपला गजर पसरता येतो.

हे कसं करायचं ते मी व्हिडिओ बघून शिकलो. त्यातल्या माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त हात दिसतात, आणि बोलतो इंग्रजी. आठवीत मला इंग्रजीने जे केलं ते तू विसरली नसशील. पण जाळं विणायला मी काकांचे हात बघूनच शिकलो, काका तरी कुठे काही बोलले होते? तसा आवाज बंद करून हात बघत राहिलो.

सुट्टीच्या दिवशी दुपारी चिरागचा लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी मेलेली, वायर काढली की तोही मरतो. आमच्या खोलीत भिंतीत विजेचं भोक एकच, आणि त्यावर हक्क सांगणारे सहा. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, थोडा वेळ कुणी हात लावू नका. मग जुनी काकी पुसली. नवी चढायला लागली. अर्ध्यात आली असेल, तेवढ्यात दयाराम उठला. हा आमच्यातला सगळ्यात वयस्कर, बुंदेलखंडाकडचा, स्वभावाने देव. त्याने शांतपणे माझी वायर काढली आणि पाणी तापवायचा रॉड लावला. "नहाना है," म्हणाला. बरोबर त्याच दिवशी त्याला न्हायचं होतं!

स्कॅनर मेला, काकी. जुनी गेलेली, नवी आलेली नाही. बटण दाबलं तर साधा दिवासुद्धा लागेना. काळ्या काचेत माझंच तोंड दिसायला लागलं, ते आधीच काही बघण्यासारखं नाही. दयाराम आंघोळ करून आला, आणि मेलेल्या घरी बसतात तसा टॉवेल गुंडाळून शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी चिरागने सांगितलं, उघडून बघ, आत दोन बारके ठिपके असतील. ते एकमेकांना टेकवून धरले की यंत्राला आतून उठवता येतं. टेकवायला काहीतरी बारीक, धातूचं पाहिजे. खोलीत शोधलं तर काही मिळेना. आणि मग बॅग दिसली. निघताना अलिबागच्या स्टँडवर बॅगेची चेन तुटली होती, तेव्हा तू बांगडीतली सेफ्टी पिन काढून लावली होतीस, आठवतं? ती काढली. मी पिन धरली, दयारामने श्वास धरला. आणि दिवा लागला. नवी काकी चढली, लिनक्स उठलं, काचेवर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावायला लागली. सगळं उलटं दिसत होतं, अजूनही दिसतं, म्हणून मी स्कॅनर उलटा धरतो. पण दयारामने मला मिठी मारली. ओल्या टॉवेलची का होईना, गाव सोडल्यापासूनची ती पहिलीच.

गजर दुसऱ्याच पहाटे वाजला. अख्खी खोली उठली, मी सोडून. कारण तो 'टुंक टुंक'च करतो, आणि दिवसभर तोच ऐकणाऱ्या माझ्या कानाला झोपेत वाटतं, कामच चाललंय, छान चाललंय. आता दयाराम त्याच साबणाचं जुनं वेष्टन उशाशी घेऊन झोपतो. गजर झाला की पट्ट्या दाखवतो आणि कूस बदलतो. त्या सकाळी गेट ओढून घेत होते तेव्हा मी त्या फटीतून आत घुसलो. शर्ट उलटा होता.

बाकी सगळं ठीक. कोळीवाड्यात सगळ्यांना नमस्कार, आणि थळच्या समुद्राला माझ्या वतीने एकदा बघून घे.

तुझा,
दीपेश

ता. क. एक सांगायचं राहिलं. तू दिलेला सुक्या बोंबलांचा डबा मी गोदामामागच्या नाल्यात रिकामा केला. खोलीत वास येतो म्हणाले. डबा धुऊन त्यात मोजे ठेवलेत.

ता. क. इथे तळ्यातला रोहू मिळतो. खरं सांगू? आपल्या पापलेटापेक्षा चवीला चांगला असतो.

(मागचं पान. फक्त कल्पितासाठी.)

कल्पे, वरचे दोन्ही ता. क. खोटे आहेत. रोहू मी तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणखी काही विचारू नकोस. बोंबलाचा डबा उशाशी आहे. सगळे झोपले की झाकण उघडतो, वास घेतो, बंद करतो. दयाराम शाकाहारी, आणि त्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. पहिल्यांदा वास आला तेव्हा नाक दाबून म्हणाला, "यही है समंदर?" मी म्हटलं, हो, साधारण हाच. आता त्याला झोप आली नाही की तोच म्हणतो, "डिब्बा खोल जरा."

तुझं काम एवढंच. बोंबील आणि पापलेट वाचायच्या आधी फोन रेकॉर्डिंगला लावून पदराखाली ठेव. ती "दीप्याऽऽऽ" म्हणून जी हाक मारेल ती मला पाठव. यंत्रात आता कंपनीची काकी नाही, त्यामुळे टुंकच्या जागी ती हाक बसवता येते. ती ऐकून मी मेलेला असलो तरी उठेन. तिला सांगू मात्र नकोस. सांगितलंस तर भजनी मंडळातल्या आवाजात "बाळा, ऊठ" म्हणेल, आणि नोकरी तर जाईलच, पण त्या आवाजाने मला इथे आणखी लांब आल्यासारखं वाटतं.

हाक मिळाली की मग तिला खरं काय ते सांग. आणि पाठवताना मधलं काही कापू नकोस. शिव्याही राहू देत. शेवटी ती "घरी ये, मग बघते तुला" असं म्हणेल, ते तर नीट आलं पाहिजे.