घर कुलूपवाल्याला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, एकेचाळीस वर्षे फौजदारी वकील, कायम आरोपीच्या बाजूने. गुडघे सोडले तर माझे सर्व ठीक चालते, आणि डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

१. बँकेतील ठेव माझ्या भाचीला. ती दर वाढदिवसाला फोन करून विचारते, "मावशी, जेवलीस का?" त्यापुढे तिला काही सुचत नाही. मलाही नाही.

२. राहते घर कुलूपवाल्याला. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हातारीला फसवले म्हणायला नको.

एका वृद्धाचा त्याच्या घरात खून झाला. दार न फोडता उघडलेले होते, म्हणून संशय कुलूपवाल्यावर गेला. त्याचे वकीलपत्र माझ्याकडे होते. समोरच्या शेजाऱ्याने त्याला खिडकीतून पाहिल्याची साक्ष दिली. घटनेच्या वेळी त्या शेजाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि त्याचा दवाखान्याचा कागद माझ्या फाइलीत होता. उलटतपासणीच्या दिवशीच आमच्या फर्मच्या नव्या कार्यालयाचे उद्घाटन होते. माझा भागीदार, ज्याला मी धाकटा म्हणते, म्हणाला, "ताई, तुम्हीच नसलात तर कसं दिसेल? कोर्टात दुसरं कुणी जाईल." मी ऐकले. फीत कापली, फोटो काढून घेतले. कोर्टात आमच्या वकिलाने सांगितले, "प्रश्न नाहीत."

कुलूपवाल्याला जन्मठेप झाली.

अपील मी एकटीने चालवले. तोच कागद दाखल करून घेतला आणि सहा वर्षे दोन महिने तुरुंगात काढून कुलूपवाला निर्दोष सुटला. तोवर त्याची बायको वारली होती. पुढच्या महिन्यात फर्मच्या बातमीपत्रात पहिल्याच पानावर मथळा होता, 'आमचे आणखी एक यश'. त्याच दिवशी मी फर्म सोडली.

उद्घाटनाचे मी स्वतःच त्याच्या घरी जाऊन सांगितले. पंधरा दिवसांनी तो आला, माझ्या दाराची सैल कडी घट्ट करून गेला आणि मग दर रविवारी येऊ लागला. एकदा मी विचारले, "माझा राग नाही येत?"

"येतो की," तो म्हणाला. "पण घरी एकट्याला तो घेऊन बसवत नाही, बाई. म्हणून इथं येतो."

मग आम्ही चहा घेतला.

३. धाकट्याला काही नाही. फर्मची आता चौथी शाखा निघाली आहे. बातमीपत्र येते आणि मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण दुसरे टपाल येत नाही. त्यात माझ्या निधनाची बातमी छापायचीच झाली, तर 'थोर' वगैरे नको. त्या दिवशी मी कोर्टात नव्हते, एवढे छापावे.

४. साक्षीदारांविषयी. ज्याला मिळकत मिळायची त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हक्क जातो. माझ्याकडे येणारे माणूस एकच, आणि नेमकी त्यालाच सही करता येत नाही. दुसरी दोन माणसे मिळवायला मला तीन आठवडे लागले. दोघांसमक्ष मी सही केली, आणि माझ्यासमोर त्यांनी.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च २०२३
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार:
१. सही: औषधांचे दुकानदार. मला चिठ्ठीवरून ओळखतात.
२. सही: पाण्याचे मीटर पाहायला आलेले गृहस्थ. आजच भेटलो.