पन्नास ग्रॅमचा रिकामा खळगा

मी, शेवटच्या पानावर सही करणारा, वय त्रेपन्न वर्षे दोन महिने, धंदा वजनकाटे दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि मागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. मागे कोणी नाही याची दोनदा खात्री केली आहे. येत्या बुधवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी माझी नाडी घड्याळाकडे न पाहता मोजली, हे मी पाहिले. तरी दाखला ग्राह्य धरावा.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सगळे माझे मी. भाषेत चुका काढणाऱ्याने आधी स्वतःचे अक्षर पाहावे.

१. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावाला मी पितळी प्रमाण वजनांची पेटी दिली होती आणि तिच्यातला पन्नास ग्रॅमचा खळगा कायम रिकामा ठेवावा, अशी अट घातली होती. ती पेटी आता दुकानाबरोबर जाईल. दुकानाचे कलम सहावे आहे. कोणीही पाने उलटून आधी ते वाचू नये.

२. राहत्या दोन खोल्या, माळा आणि बँकेतली बचत पत्नीला. तिने घर विकू नये, असे लिहिणार होतो. ती म्हणाली, "गेल्यावरसुद्धा पहारा देणार आहात का?" म्हणून अट काढली आहे.

३. काचपेटीतला नाजूक काटा चिमट्यासह मुलीला. ती रुग्णालयात औषधे तोलून देते, तिला त्याची किंमत कळते. वजनाला बोट लावू नये, घामाचे वजन चढते. हे तिला ठाऊक आहे, जावईबापूंना सांगावे लागेल. काट्याबद्दल शंका आली तर माल आणि वजन यांची पारडी बदलून पाहावे. काटा कलला तर खोट दांडीत आहे, मालाला दोष देऊ नये.

४. माझ्या तीन वह्या मुलीलाच. त्या कशा भरल्या, हे लिहून ठेवणे भाग आहे.

गेल्या वर्षी तिने एका वर्गाचे माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवले आणि "सहज आणलंय" म्हणाली. सहज कोणी काही ठेवत नाही. दर रविवारी सकाळी वर्ग, तीन विषय: कथेतल्या पात्रांचा अभ्यास, संवाद आणि व्यवसायातले प्राथमिक निर्णय. मी नाव घातले ते तिचा डाव काय आहे हे पाहण्यासाठी. बाकीचे विद्यार्थी विशीच्या आतले, मला "काका" म्हणणारे. शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पहिल्याच धड्यातल्या वाण्याच्या काट्याचे वर्णन चुकलेले होते. मी ते दाखवले. बाई म्हणाल्या, "काका, आपण वाण्याचा अभ्यास करतोय, काट्याचा नाही." मी वहीत तशी नोंद केली.

सहाव्या महिन्यात बाईंनी एक कथा वाटली. दोन भाऊ, भांड्यांचे दुकान, गल्ल्याजवळची एक चांदीची वाटी नाहीशी होते. थोरला धाकट्यावर आळ घेतो. धाकटा निघून जातो. कथा संपली.

मी वही मिटली. अकरा वर्षांपूर्वी माझ्या पेटीतले पन्नास ग्रॅमचे वजन गेले. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक धाकट्याकडे. त्याच महिन्यात तो इलेक्ट्रॉनिक काटे विकायला ठेवू म्हणून मागे लागला होता आणि मी नाही म्हटले होते. मी गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारले, "तू नाहीस तर मग कोण?" त्याने किल्ली काउंटरवर ठेवली, डबा उचलला आणि गेला. जो काही बोलत नाही तोच चोर, असा मी अर्थ लावला. आज तो गावाबाहेरच्या ट्रककाट्यावर नोकरी करतो.

घरी येऊन मुलीला धरले. "बाईंना काय काय सांगितलंस?"

"बाबा, भांडणारे भाऊ जगात तुम्ही दोघंच आहात का?"

हे उत्तर झाले नाही, तरी नोंद केली.

पुढच्या रविवारी बाईंना विचारले, "वाटी धाकट्यानं घेतली की नाही?"

"लेखकानं लिहिलेलं नाही."

"मग कथा अपुरी आहे."

"असेल. पण दुकान उद्या उघडायचंय. ते कोणी चालवायचं, हा आजचा प्रश्न. उत्तर एका पानात, कारणांसकट."

ते पान लिहिण्याआधी संवादाचा तास झाला. एका चष्मेवाल्या मुलीला थोरला केले, मला धाकटा. मी पात्र बदलून मागितले, मिळाले नाही. पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू नाहीस तर मग कोण?" कथेत हे वाक्य नव्हते. तिला कोणी पढवले, हे मी आजवर शोधतो आहे.

मी म्हटले, "मी नाही."

"शपथ घे."

मी तोंड उघडले. शपथ घेतली तर घाबरला म्हणणार. चिडलो तर वर्मी लागले म्हणणार. गप्प राहिलो तर कबूल. चौथे काही सुचेना. शेवटी मी समोरचा माझा डबा उचलला आणि जागेवर जाऊन बसलो. वर्ग हसला. बाईंनी दहापैकी चार गुण दिले, शेरा "प्रतिसाद नाही". हे गुण मला मान्य नाहीत. त्या जागी तोच प्रतिसाद होता. फेरतपासणीचा माझा अर्ज तिसऱ्या वहीत आहे, मुलीने तो पुढे चालवावा.

हे जेवताना पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "काटा तपासताना पारडी बदलता. माणूस तपासायला अकरा वर्षं लागली होय?" मी भाजीत मीठ कमी असल्याचे सांगितले. मीठ बरोबर होते.

५. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला काही नाही. त्याच्या पारड्याखालून मी काढलेला लोहचुंबक मात्र लिफाफ्यात जपून ठेवला आहे. तो त्याला भरदुपारी, दुकानात किमान चार गिऱ्हाइके असताना, नावानिशी परत करावा.

६. दुकान. मी एक पान लिहिले, कारणांसकट.

मुलीला दुकान नको आहे, ते तिने स्पष्ट सांगितले. परक्याला दिले तर तो महिन्याभरात तिथे मोबाईलची कव्हरे लावील. दांडी जिच्यावर झुलते ती धार बोटाच्या नखावर ओळखणारा माझ्यानंतर एकच माणूस आहे, आणि त्याला ते मीच शिकवले. वजन त्याने घेतले की नाही, मला माहीत नाही. माझा संशय संपूर्ण फिटलेला नाही, हे मी इथे नमूद करतो. पण लेखकाने न लिहिलेले ते पान सापडण्याची वाट पाहत दुकान बंद ठेवता येत नाही.

म्हणून दुकान, हत्यारे, पेटी आणि दोन्ही किल्ल्या धाकट्या भावाला. इलेक्ट्रॉनिक काटे ठेवायचे असतील तर ठेवावेत, मात्र दारातून दिसणार नाहीत अशा बाजूला. खळग्याबद्दल कोणतीही अट नाही.

स्थळ: दुकान, मागची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: चालू महिन्याचा अकरावा, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

साक्षीदार पहिला: समोरचा शिंपी. (सही)

साक्षीदार दुसरा: ~~धा~~

वरची खाडाखोड माझी आहे, तिचा खुलासा असा.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे असते, त्याने त्यावर साक्ष केली तर त्याचा वाटा बुडू शकतो. हे मला ठाऊक होते, धाकट्याला नव्हते. मी त्याला मुद्दाम साक्षीला बोलावले. आधी मजकूर वाचायला मागतो का, ते पाहायचे होते. तो अकरा वर्षांनी दुकानात आला, उंबऱ्यात थांबला, सवयीने हात पुसले आणि म्हणाला, "दादा, सही कुठे करू?"

"वाचणार नाहीस?"

"वाचून काय करू? पेन दे."

त्याने पहिले अक्षर काढले आणि मी त्याचे मनगट धरले. शिंपी साक्षीला आहे.

"सही केलीस तर तुझं बुडेल."

"माझं काय आहे त्यात?"

"दुकान."

त्याने पेटीकडे पाहिले. मग म्हणाला, "पन्नास ग्रॅम सापडलं?"

"नाही."

"मग?"

"तरी."

त्याने पेन खाली ठेवले. या वेळी डबा उचलला नाही.

साक्षीदार दुसरा (नवा): वर्गातल्या बाई. मला दहापैकी चार देणारी व्यक्ती भिडेखातर सही करणार नाही, या खात्रीने, वर्ग सुटल्यावर फोन करून बोलावल्या. शिंप्यासमोर आणि त्यांच्यासमोर मी पुन्हा सही केली. (सही)

मृत्युपत्र करणारा: थोरला. (सही)

वेळ दुरुस्त: दुपारी बारा वाजून पाच मिनिटे. धाकटा बाहेर काउंटरवर आहे. गिऱ्हाईक आले आहे, आणि तो पारडी बदलून पाहतो आहे.