करंगळीचं सुतक

माघ शुद्ध ५
मी सांगते, हे लिहितात. जन्मभर माझं ऐकलं नाही, आता शब्द न् शब्द ऐकावा लागतो!
डाव्या पायाची करंगळी. बुडाशी गोल खाच, कोणी दोरा आवळावा तशी. पुढचं बोट कांद्यासारखं फुगलंय. सून म्हणे जोडवं रुतलं. सोनार कानस घेऊन बसला, शोध शोध शोधलं. "आजी, जोडवं कुठी हाये?" म्हटलं, "तुयाच बापानं घडवलं असंल, बाप्पा, तूच सांग!" कातडीचंच कडं, काय कापणार? गेला.

शुद्ध ७
बोट लोंबतंय. दुखत नाही. अकोल्याचे वैद्य म्हणाले, आपोआप गळेल. मी खूश! पण जोशीबुवा बसले होते, दशमीच्या लग्नाचं बोलायला. म्हणाले, "बोट गळलं म्हंजे देहाचा भाग मेला, घराले सुतक. दशमीचा मुहूर्त हुकला तं लग्न थेट वैशाखात."
मुलगा पांढराफटक. त्याच्या लेकीचं, कौशीचं लग्न. अकोटचा नवरा मुलगा. विलायतेला आपला कापूस हवा झाल्यापासून ते पैशात लोळतात, दारी मुलीवाल्यांची रीघ. वैशाखापर्यंत थांबतात होय!
मी विचारलं, "नखं कापता तवा कोनाचं सुतक धरता, बुवा?" हसले नाहीत.

शुद्ध ८
खाटेवरून उतरू देत नाहीत. मुलगा सकाळी पाया पडला. माझ्या नाही, करंगळीच्या! सून दारातूनच, "आत्याबाई, हाये ना?"
"हाये व माय, तुयी वाट पाहून राहिली."

शुद्ध ९
ताप. खाचेतून पू, वास. वैद्य म्हणतात, आजच कापा, विष वर चढेल. मुलगा मांडवाकडे पाहतो. हे म्हणाले, "लग्न गेलं चुलीत, कापा." तुमचं मत कोणी विचारलं? लिहा.
जोशीबुवांना बोलावलं. "माणूस परगावी मेलं तं सुतक कवापासून?"
"बातमी कानी आल्यापासून."
बस! कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन पाय गुडघ्यापर्यंत फडक्यात बांधून घेतला. कौशी सासरी जाईस्तोवर कोणी सोडायचा नाही. आत काय आहे, काय नाही, बातमीच नाही. बुवा पंचांग गुंडाळून मुहूर्ताच्या तयारीला लागले. वैद्य पाय आपटत गेले.

शुद्ध १०
लागलं! काय वाजंत्री, काय गर्दी! मी खाटेवरूनच अक्षता टाकल्या. मंगलाष्टकं चालू असताना फडक्यात काहीतरी हललं. की अंगातला ताप? मी आणखी जोरात अक्षता टाकल्या.

शुद्ध ११
पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजलाय. फडकं ओलं. कौशी गळ्यात पडून रडली, "आजी, तुया पाय पाहून जाते."
"पाय काय पाहतं? तोंड पाहून घे." गाडीत बसवून दिली.
वैद्य पाणी उकळून, चाकू घेऊन बसलेत. हे फडक्याच्या गाठीशी हात नेतात, मी चापट मारते. बैलांची घुंगरं अजून ऐकू येतात. यांना नाही येत, हे तसेही अर्धे बहिरेच. मला येतात. थांबा म्हटलं ना